तांबडं फुटायच्या आधीचा सोमवार

नसरापूरहून वेल्ह्याला जाणाऱ्या एसटीत खिडकीची जागा मिळायला नशीब लागतं. ते नशीब त्या शनिवारी भामाच्या वाट्याला आलं होतं. माघातली थंडी, मोहोराचा गोड उग्र वास आणि मांडीवर कोऱ्या फॉर्मांचं बाड… स्वारी मोठ्या खुशीत होती. तेवढ्यात शेजारी एक तरुण येऊन धपकन बसला. इस्त्रीचा शर्ट, जाड काचांचा चष्मा, आणि काखेत घड्या घातलेल्या कागदाचा एवढा मोठा गठ्ठा, की त्याचा एक कोपरा सरळ भामाच्या दंडात घुसला.

"अहो! हे काय सामान आहे का सासुरवाडीचा आहेर?" भामा म्हणाली.

"माफ करा." तो गठ्ठा सावरू लागला, तसा तो सुटला आणि लांबलचक कागद थेट कंडक्टरच्या पायापर्यंत उलगडत गेला. सगळी गाडी हसली. भामाही हसली, पण तिनं कागदाचं दुसरं टोक धरलं. दोघांनी मिळून धोतराची घडी घालावी तशी ती घडी घातली. शेवटच्या घडीला बोटाला बोट लागलं आणि साहेबांचे कान लाल झाले. हे भामानं पाहिलं. पाहून न पाहिल्यासारखं केलं, हे सांगायला नकोच.

"पुण्याचे का?"

"कामाला पुण्यात. मूळचा सारोळ्याचा. सोपान धाडवे. कॉम्प्युटरवर काम करतो मी."

सन चौऱ्याहत्तर. कॉम्प्युटर हा शब्द त्या गाडीत कुणी ऐकला असलाच तर वर्तमानपत्रात. भामानं मात्र ऐकला होता. तिचे फॉर्म त्याच यंत्रात जायचे. ती सावरून बसली.

"मग वेल्ह्याला कशाला? यंत्र बसवायला?"

"छे! एका लबाडाला पकडायला." आता सोपानला कंठ फुटला. "बाळंतपणांची पाहणी चालली आहे ना, त्यातला एक पाहणीवाला. भा. गे. शिळीमकर. घरी बसून फॉर्म भरतो बेटा! जन्माची तारीख सहा आकड्यांत, वेळ चार आकड्यांत, वार एका आकड्यात, रविवार एक, सोमवार दोन, असं लिहायचं असतं. यंत्र काय करतं, तारखेवरून स्वतःच वार काढतं. फॉर्मातला वार जुळला नाही, की ह्या कागदावर त्यापुढं फुली छापतं. आणि ह्या गृहस्थाच्या चारशे बारा फॉर्मांवर किती फुल्या असाव्यात? एकशे बारा! दाराशी न जाता ठोकून दिलेलं आहे सगळं."

 भामानं रागानं मांडीवरचं बाड घट्ट आवळलं. पण ती वरून गोड आवाजात म्हणाली, "अगंबाई! दिसायला कसा आहे हो हा शिळीमकर?"

"पाहिलं नाही. पण मिशा असणार बघा. असल्यांना असतात."

"आणि पकडल्यावर काय करणार?"

"गुरुवारी भोरला बैठक आहे. फुल्यांचा खुलासा झाला नाही, तर त्याचे सगळेच फॉर्म रद्द. म्हणजे वेल्ह्याची बाजू पाहणीतून बाहेर. पाहणीवरून ठरणारं नवं प्रसूतिकेंद्र मग दुसऱ्या बाजूला जाईल."

भामा खिडकीबाहेर बघत राहिली. तिची थोरली बहीण धोंडाबाई दोन वर्षांपूर्वी बैलगाडीतून भोरच्या वाटेला लागली होती. ती परत आली, पण रिकाम्या ओटीनं. केंद्र वेल्ह्यात यावं म्हणून तर भामा तीन महिने वाड्या-वस्त्या तुडवत होती. पायाच्या टाचा फुटल्या होत्या तिच्या. आणि हा म्हणे घरी बसून!

गाडी वेल्ह्यात थांबली. भामा उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "चला साहेब, पकडा. भामा गेनू शिळीमकर. मिशा आज घरी राहिल्या."

सोपानचा चेहरा असा झाला की, कंडक्टरनंच त्याचा गठ्ठा खाली उतरवून दिला.

*

चावडीच्या ओट्यावर कागद पसरून दोघं बसली.  मग सोपान हळूच म्हणाला, "मी… गाडीत जे बोललो…"

"ते राहू द्या. फुली दाखवा."

त्यानं पहिली फुली दाखवली. तेरा-अकरा-त्र्याहत्तर, वेळ तीन-चाळीस, वार सोमवार. "तेरा नोव्हेंबरला मंगळवार होता. यंत्र चुकत नाही."

"मीही चुकत नाही. तारीख आणि वेळ पाटलांच्या वहीतून घेतली. वार बाळंतिणीच्या तोंडून घेतला आणि दाईला विचारून पक्का केला. फॉर्मावर लिहिलंच होतं, वार आईला विचारा म्हणून."

"मग दोघांतलं एक कुणीतरी खोटं बोलतंय."

"किंवा तुमचं यंत्र बाळंतीण झालेलं न्हाई," भामा फणकारली. राग आला की तिची शाळेतली भाषा सुटून घरची यायची. "चला. माणसालाच विचारू."

दाई ठकुबाई पलीकडच्या वाडीत राहायची. दीड कोस चढ. सोपान पुण्याच्या चपला घालून आलेला. दोनदा घसरला. तिसऱ्यांदा भामानं मागं न बघता हात पुढं केला. त्यानं तो धरला. चढ संपला, पण हात सोडायची आठवण दोघांनाही जरा उशिराच झाली.

"सारोळ्याला चढ नसतात वाटतं?" ती म्हणाली.

"असतात. पण तिथं हात द्यायला कुणी नसतं."

भामानं पदराचं टोक दातांत धरलं आणि भराभर पुढं चालू लागली.

ठकुबाई अंगणात वाल सोलत होती. सत्तरीची म्हातारी, पण डोळे लखलखीत. वाडीतली निम्मी माणसं तिच्याच हातात जन्मलेली. भामानं विचारलं, "आत्ये, बनाबाईची धाकटी पोर कोणत्या वाराची गं?"

"सोमवारची. म्हादेवाचा वार. म्हून तर पार्वती नाव ठिवलं."

"पण आजी," सोपाननं खाली बसून वालाची एक शेंग सोलायला घेतली, "पाटलांच्या वहीत पहाटेचे तीन-चाळीस आणि तेरा तारीख आहे. तेराला मंगळवार होता."

"आसंल की. पन तांबडं कुठं फुटलं हुतं तवा?" म्हातारीनं त्याच्याकडं कीव करत पाहिलं. "दिस उगवल्याबिगर मंगळवार कसा लागंल, लेकरा? त्यो सोमवारच. तुमच्याकडं काय काळोखातच वार बदलत्यात व्हय?"

सोपानच्या हातातली वालाची शेंग तशीच राहिली.  मग तो अंगणातच गठ्ठा सोडून बसला. एका फुलीवर बोट, मग दुसरीवर. "दोन-दहा… चार-पाच… एक-पन्नास… तीन… भामाबाई, वेळ बघा! सगळ्या वेळा बघा!"

भामा त्याच्या शेजारी टेकली. एकशे बाराच्या एकशे बारा फुल्या. एकूणएक जन्म रात्री बारानंतरचा आणि सूर्य उगवण्याआधीचा. पाटलांचं घड्याळ बाराला तारीख बदलत होतं आणि वाडीतल्या बाया सूर्य उगवल्यावर वार बदलत होत्या. आणि मधल्या त्या काही तासांत भामा लबाड ठरली होती.

"मला आई लहानपणी उठवायची," सोपान पुटपुटला, "म्हणायची, ऊठ, दिस उगवला, बुधवार लागला… मला ठाऊक होतं हे. मला, सारोळ्याच्या पोराला! आणि यंत्राला मी सांगितलं काय, तर इंग्रजी पुस्तकात होतं ते." त्यानं चष्मा काढला. "चूक माझी हाय. म्या केली." पुणेरी बोलणं कुठल्या कुठं गळून पडलं होतं.

भामाला त्याचा राग यायला हवा होता. तीन महिन्यांच्या पायपिटीला ह्यानं लबाडी म्हटलं होतं. पण तो चष्म्याविना असा काही दिसत होता की… छे! राग कुठला, तिला हसूच येऊ लागलं. तो आपल्याला आवडतो, हे तिला त्या अंगणात स्पष्ट कळलं.

"मग आता?"

"आता रात्रीच्या गाडीनं पुणं. यंत्राला सांगायचं, वेळ बारानंतरची आणि उजाडण्याआधीची असेल, तर वार आदला धर. यंत्र कार्डांवरची भोकं वाचतं; तीन-चार कार्डं नवी पाडून घातली की झालं. पण यंत्रावर पाळी मिळाली पाहिजे. आणि साहेबांना सांगायला हवं, की चूक माझी."

"नोकरी जाईल?"

"बघू." तो उठला. दोन पावलं जाऊन वळला. "गुरुवारी याल ना… भोरला?"

"मी तर येईनच. तुमचंच सांगा."

*

गुरुवार उजाडला. भोरच्या कचेरीतल्या त्या खोलीत टेबलामागं पाहणीचे मोठे साहेब बसले होते. दुसऱ्या बाजूचा पाहणीवाला मानसिंग पुढच्या खुर्चीत पायावर पाय टाकून. त्याच्या फॉर्मांवर एकही फुली नव्हती, म्हणून साहेबांनी त्याला चहा पाजला होता. भामा भिंतीला टेकून उभी. मागं तिचे वडील गेनूअण्णा, डोक्याचं मुंडासं हातात घेऊन.

अकरा वाजले. साडेअकरा वाजले. सोपानचा पत्ता नाही.

"बाई, खुलासा आहे का?" साहेबांनी विचारलं.

भामानं सगळं सांगितलं. तांबडं, घड्याळ, ठकुबाई. साहेब हसले. "म्हणजे यंत्र खोटं आणि म्हातारी खरी?"

तेवढ्यात बाहेर गलका झाला. ठकुबाई आत आली. पाठोपाठ बनाबाई, फुलाबाई, आणखी एक, आणखी एक… कडेवर पोरं, डोक्यावर टोपरी. एसटी भरून बाया आल्या होत्या. खोलीत जागा उरली नाही. एका पोरानं थेट साहेबांच्या टेबलावर बैठक मारली आणि शाईच्या दौतीकडं हात नेला.

"ही बगा आमची पोरं," ठकुबाई म्हणाली. "घरी बसून भरल्याली वाटत्यात का?"

आणि त्या गर्दीतून, चष्मा वाकडा, शर्ट चुरगळलेला, काखेत गठ्ठा… सोपान आला. भामाचं काळीज असं उडालं की, तिनं भिंतच धरली.

"साहेब, सकाळी पाळी मिळाली. आत्ताच उतरलो." तो धापा टाकत होता, पण आवाज खणखणीत होता. "चूक शिळीमकरबाईंची नाही. चूक माझी. वार कधी बदलतो, हे मी इथल्या माणसांना विचारलं नाही. आता यंत्राला ते सांगितलंय. एकशे बारा फुल्यांतल्या एकशे पाच गेल्या."

"आणि सात?" मानसिंगनं विचारलं.

सोपाननं कागद टेबलावर पसरला. सात त्यालाही सुटल्या नव्हत्या. भामा पुढं आली, कागदावर वाकली. सहा-वीस, सहा-चाळीस, सहा-पंचवीस… महिने सगळे डिसेंबर आणि जानेवारी. तिनं मान वर केली. "सूर्य किती वाजता उगवतो म्हणून सांगितलंत यंत्राला?"

"सहाला."

"पौषात?" भामा म्हणाली. "पौषात आमचा सूर्य सातपर्यंत गोधडीत असतो, साहेब!"

बाया खदखदून हसल्या. मोठे साहेबही हसले, ते थांबेचनात. सोपाननं खिशातून पेन्सिल काढली आणि भामानं सांगितलेल्या सूर्योदयाच्या वेळा सातही ओळींपुढं मांडल्या. सातही वार जुळले.

"एक सांगायचं राहिलं," सोपान म्हणाला. "मुलं पहाटे सगळीकडंच जन्मतात. वारही सगळीकडं आईलाच विचारायचा होता. मग दुसऱ्या बाजूच्या फॉर्मांवर एकही फुली कशी नाही? वार कॅलेंडर बघून भरले असतील तरच असं होईल."

मानसिंगचा पायावरचा पाय खाली आला. साहेब त्याच्याकडं वळले. मग म्हणाले, "तुम्ही सगळ्या वाड्या पुन्हा फिरायच्या. आणि कसं विचारायचं, ते आधी या बाईंकडून शिकून घ्यायचं." त्यांनी वेल्ह्याच्या गठ्ठ्यावर सही केली. "असलं खरं काम ज्या बाजूचं, तिची शिफारस पहिली. केंद्र वेल्ह्यात."

ठकुबाईनं साहेबांच्या तोंडावरून हात ओवाळून कडाकडा बोटं मोडली. भामाला मात्र धोंडाबाई आठवली, आणि इतका वेळ न आलेलं रडू तेव्हा आलं. तिनं ते खुशाल येऊ दिलं.

*

बाहेर आवारात ऊन चढलं होतं. बाया पोरांना पाजत सावलीला बसल्या होत्या. सोपान भामाजवळ येऊन उभा राहिला.

"नोकरी?" तिनं विचारलं.

"आहे. साहेब म्हणाले, पुढच्या वेळी आधी गावात जाऊन ये, मग कार्डं पाड." तो घुटमळला. "भामाबाई… मला एक… म्हणजे… यंत्राला सगळं आकड्यांत सांगता येतं. हे मात्र…"

"सांगा की. फुली मारणार नाही मी."

"तुम्ही मला आवडता. लई आवडता. माझ्याशी लग्न कराल?"

घ्या! एका दमात सांगून मोकळा झाला. भामानं त्याच्याकडं पाहिलं, अगदी सरळ, डोळ्यांत डोळे घालून. कान पुन्हा लाल. मग ती वळली आणि साऱ्या आवाराला ऐकू जाईल अशी हाक मारली. "अण्णा! जरा हितं या. हे तुमच्याशी बोलायचं म्हणतात."

"आत्ता? सगळ्यांसमोर?" सोपाननं चुरगळलेला शर्ट झटकला.

गेनूअण्णा सावकाश आले. सोपाननं अडखळत, चारदा चष्मा सावरत, सांगायचं ते सांगितलं. म्हाताऱ्यानं त्याला डोक्यापासून घसरलेल्या चपलांपर्यंत न्याहाळलं. बाया पोरांचं पाजणंसुद्धा विसरल्या.

"शिकल्याली मानसं म्या लई बगितली," गेनूअण्णा म्हणाले. "पन माजी चूक झाली, आसं कचेरीत उभं ऱ्हाऊन म्हननारा तूच पयला. माजी ना न्हाई. पन पोरीला इचारलंस का?"

"विचारलं. त्यांनी उत्तराऐवजी तुम्हांला हाक मारली."

"मग तेच उत्तर," भामा म्हणाली, आणि सगळ्या भोरादेखत तिनं त्याचा वाकडा झालेला चष्मा दोन्ही हातांनी सरळ केला.