केरातलं वऱ्हाड

शनीच्या टायटन या चंद्रावर कायमचं नारिंगी धुकं. वरून फिरणारा ‘पारवा’ उपग्रह त्या धुक्यातून रडारलहरी सोडून जमीन चाचपत होता, अंधारात झोपलेल्याचा चेहरा चाचपावा तशी.

लोणारच्या दूरसंवेदन केंद्रात शर्वाणी ढोबळे नकाशा सोडून केर बघत बसली होती. रडारची निरर्थक मुरमुर म्हणून नकाशातून गाळून टाकलेल्या ठिपक्यांना केंद्रात केरच म्हणत.

“केर काय चिवडतेस?” उकिडवे आडनावाचे केंद्रप्रमुख आले. “यान उतरवायची आज्ञा द्यायचीय मला.”

“सर, नकाशा कसा करतो आपण?”

“परीक्षा घेतेस माझी? एकाच जागेची शंभर रडारचित्रं. प्रत्येक बिंदूचा मध्यक काढायचा. मुरमुर जाते, जमीन उरते. हलेल ते खोटं, टिकेल ते खरं.”

“लग्नाची शंभर चित्रं अशीच गाळली तर?”

“मांडव उरेल.”

“आणि वऱ्हाड?”

“केरात!” उकिडवे हसले.

शर्वाणी हसली नाही. तिनं तो केर क्रमानं लावून पडद्यावर सोडला. दुधट ठिपके झोपेत चालल्यासारखे निघाले. वळले. मागे राहिलेल्या एकासाठी सगळे थांबले. मग पुन्हा संथ, गोल, गोल.

“मुरमुर कुणाची वाट बघत नाही, सर. आणि ही बघा तुमची उतरायची जागा. टायटनवरची सगळ्यांत सपाट. खळं सपाट का असतं? तुडवून. त्या थंडीत आपल्या यानाचा झोत म्हणजे वणवा. थांबवा.”

उकिडवे पडद्याकडे बघत राहिले. क्षणभर त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला.

“समितीला काय सांगू? केर नाचतोय?”

“तेच सांगा. लाज कसली वाटते?”

लाज नव्हतीच. भीती होती. खुर्ची जपणाऱ्याला हलणाऱ्या गोष्टी आवडत नाहीत. उकिडव्यांनी आज्ञा पाठवली.

यान अलगद उतरलं. टाळ्या, पेढे, हार.

‘पारवा’नं त्या जागेची नवी शंभर चित्रं घेतली. नवा नकाशा घेऊन उकिडवे स्वतः शर्वाणीच्या टेबलाशी आले.

“बघ, झोतानं वरची माती उडाली. यानाभोवती खडक उघडे पडलेत, गोल रिंगणात! आधी एकही दिसत नव्हता.”

शर्वाणीनं त्या जागेचा केर उघडला. पडदा रिकामा, शांत, काळा. एकही ठिपका नाही.

“खडक नाहीत ते, सर,” ती म्हणाली. “तुमच्या नकाशात यायला त्यांना हलणं थांबवावं लागलं.”