वानची गाडी सकाळी सातला

महलकाने टेबलावर वही आपटली तेव्हा परवाने खानुमच्या पेल्यातला चहा बशीत सांडला.

“माझा पासपोर्ट चोरलाय, आणि तोही घरच्याच माणसांनी, सासू, दीर नाहीतर जाऊ. उद्या सकाळी सातला गाडी आहे. तब्रीझहून तुर्कस्तानातल्या वानला ती आठवड्यातून एकदाच जाते. मी शिकवते त्या शाळेची रजा मोजून बारा दिवसांची. ही गाडी चुकली की बसा पुढच्या वर्षापर्यंत.”

परवाने खानुमनी, म्हणजे परवानेबाईंनी, पंचवीस वर्षं वकिलाच्या कचेरीत लोकांच्या थापा टंकलिखित केल्या होत्या. आता त्याच थापा उघड्या पाडून त्या पोट भरत. शेजारी बसलेला येदुल्ला त्यांचा टॅक्सीवाला आणि पाठदुखीने कुरकुरणारा सोबती. त्याला चोर नेहमी पहिल्या मिनिटातच सापडायचा, आणि तो नेहमीच चुकीचा असायचा.

“दिरानेच केलं असणार,” तो म्हणाला.

परवाने खानुम वही चाळत होत्या. तीन वर्षांची आखणी होती ती. वानहून बोटीने तळं ओलांडून पुढे अंकारा, मग तुर्कस्तानच्या पूर्व टोकाचं कार्स. कुठल्या स्टेशनात गरम पाणी फुकट मिळतं, कुठे बायकांसाठी स्वस्तात खाट मिळते, उकडलेली अंडी आणि सुकी तुती किती दिवस पुरतील, सगळं पेन्सिलीने लिहिलेलं. दोन्ही रात्रगाड्यांपुढे झोपायची जागा खोडून बसायची लिहिली होती.

“दोन रात्री बसून? या वयात?”

“ते पैसे दुसरीकडे लागलेत,” महलका तुटकपणे म्हणाली. “पासपोर्ट परवा संध्याकाळी मी स्वतः पिशवीत ठेवला. आज दुपारी बघते तर पिशवी रिकामी.”

गळ्यात घालायची ती कापडी पिशवी सासूने शिवून दिली होती. टाके बारीक, दोरा हिरवा.

महलकाच्या घरात शिरताच दीर फरामर्ज अंगावर आला. “एकट्या बाईने परमुलखात आगगाडीने हिंडायचं? लोक आमच्या तोंडात शेण घालतील. बाईला नवऱ्याची परवानगी लागते.”

“नवरा सहा वर्षं कबरीत आहे,” महलका म्हणाली. “जा, त्याची सही घेऊन ये. विधवेला कुणाची परवानगी लागत नाही, हे तुला माहीत आहे आणि तरी तू रोज ओरडतोस.”

फरामर्ज गोरामोरा झाला. मग पुटपुटला, “जाणारच असलीस तर गुडघ्याचं ते तुर्की मलम आण.” खिशातून त्याने घडी पडून मळलेली चिठ्ठी काढली. तेवढ्यात फोन वाजला. “हो, उद्या सकाळी आठला या,” तो फोनवर म्हणाला आणि फोन ठेवून सगळ्यांना सांगितलं, “गालिचे धुणारे आहेत. आईने कालच बोलावून ठेवलंय. खोल्या झाडून ठेवा म्हणतात.”

त्याची बायको शहला स्वयंपाकघरात निरोपासाठी आणलेली पितळी वाटी घासत होती.

“मी कशाला चोरू? गाड्यांच्या वेळा मीच काढून दिल्या तिला. जळते मी तिच्यावर, ते खरं आहे. पण चोरी नाही केली. दोष द्यायचाच तर मला कुणीही देईल म्हणा. मागे माझा भाऊ परगावी निघाला, तो गल्लीच्या वळणावर पोचतो न पोचतो तोच मी अंगण झाडलं. प्रवासी पोचल्याची खबर येण्याआधी झाडू फिरवणं अशुभ, म्हणून सासूबाई आठवडाभर बोलल्या नाहीत माझ्याशी.”

सासू सोलतान खानुम आतल्या खोलीत भिंतीशी बसली होती. पाठीशी विटका लाल लोड, कडेची शिवण हिरवी. खोलीत लोड तो एकच.

“या, माझ्या डोळ्यांवर पाय ठेवा. घर तुमचंच. चहा घ्या, सफरचंद घ्या.” तिने साखरेचे खडे तीनदा पुढे केले. येदुल्ला पाठीवर हात दाबत उघड्या गालिच्यावर कण्हत बसला. “सोन्यासारखी सून आहे हो. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन तीच टोचते मला. जाऊ द्या की पोरीला, चार दिवस हिंडू द्या.”

परवाने खानुमनी चहा संपवला आणि सगळ्यांना त्याच खोलीत बोलावलं.

“दीरच,” येदुल्ला कुजबुजला.

“फरामर्जला नाटक येत नाही. गेले कित्येक दिवस तो मलमाची चिठ्ठी खिशात घेऊन ओरडतोय. त्याने मनातून कधीच हार मानलीय. शहला जळते, आणि तसं तोंडावर सांगते.” त्या सासूकडे वळल्या. “सोलतान खानुम, उद्या सातला सून निघणार. प्रवासी पोचल्याची खबर येईपर्यंत तुम्ही घरात झाडू लागू देत नाही. त्यावरून धाकट्या सुनेशी आठवडाभर अबोला धरलात. मग आठला गालिचे धुणारे कसे बोलावलेत? आणि तेही काल, पासपोर्ट गेल्याचं कुणालाच माहीत नव्हतं तेव्हा. उद्या या घरातून कुणी प्रवासाला निघणारच नाही, हे काल फक्त चोराला माहीत होतं.”

म्हातारीचा हात साखरेच्या डब्यावर थांबला.

“पाहुण्याच्या पाठीला लोड द्यायचा, हे तब्रीझमध्ये कुणाला शिकवावं लागत नाही. हा माणूस तुमच्यासमोर कण्हत होता. तुम्ही घर दिलंत, डोळे दिलेत, पण लोड काही सोडला नाहीत. त्याची शिवण ताजी आहे, पिशवीच्याच हिरव्या दोऱ्याची. येदुल्ला, घ्या तो लोड.”

पासपोर्ट कापसात दोन बोटं खोल निघाला.

“मग काय करू?” सोलतान खानुमचा आवाज चिरका झाला. “ही नकाशे बघत हिंडणार आणि मी इथे मरणार? मला इंजेक्शन कोण देणार? या शहलाला सुई बघूनच घेरी येते.”

महलका पुढे झाली. तिने वहीचं शेवटचं पान सासूपुढे धरलं. वर नर्सचं नाव होतं. खाली बारा दिवस, दोन्ही वेळा, आगाऊ पैसे मिळाल्याची नर्सची सही.

“झोपायची जागा सोडली ती यासाठी. दोन रात्री बसून जाणार होते मी, तुमच्या सुईसाठी. तीन वर्षं ही वही या घरात पडून आहे. प्रत्येकाने मला नावं ठेवली, पण एकानेही ती उघडून बघितली नाही.”

येदुल्लाने लोड परत ठेवला, पण त्याला टेकलं कुणीच नाही.

सकाळी सहाला टॅक्सी दाराशी उभी होती. महलकाने पिशवी गळ्यात घातली आणि उंबरा ओलांडला. मागून सोलतान खानुम भिंत धरत आली. हातात तीच पितळी वाटी, पाण्यावर हिरवं पान. गेलेलं माणूस परत यावं म्हणून वाटेवर ओततात ते पाणी.

“ओतू नका,” महलका मागे वळून म्हणाली. “नर्स आठला येईल. परत यायचं की नाही ते मी कार्सला गेल्यावर ठरवीन.”

टॅक्सी वळणाआड गेली. म्हातारी भरली वाटी धरून बराच वेळ दारात उभी होती.