हितं छत्री उघडत न्हाईत

“अवो, छत्री मिटा! हितं छत्री उघडत न्हाईत!”

पुण्यात वानवडीच्या शिंदे छत्रीच्या आवारात पाऊल टाकलं, श्रावणाची सर आली, म्हणून मी छत्री उघडली... एवढाच माझा गुन्हा! वळून पाहिलं तर इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, आणि केसांतून निथळणारं पाणी. स्वतःची छत्री त्यानं काखेत मिटून धरली होती.

“छत्री बघाया आले, आन् छत्रीच मिटू व्हय?” मी म्हणाले.

तो गोंधळला. मग घसा साफ करून म्हणाला, “म्हणजे... ही महादजी शिंदे यांची समाधी आहे. त्यांच्यासमोर छत्री उघडू नये, असा इथला रिवाज आहे.”

आत्ता ‘न्हाईत’ म्हणणारा माणूस एका दमात ‘आहे’वर आला! मला हसू आवरेना.

“गाव कुठलं तुमचं?”

“मी... पुण्याचाच.”

“झालं! पुण्याची मान्सं ‘हितं न्हाईत’ कवापासून म्हनाया लागली?”

त्याचे कान लाल झाले. शेवटी कबूल केलं—शिरूर. नाव सुदर्शन. सणसवाडीच्या एका कंपनीत परदेशी पाहुण्यांची सरबराई करायचा. पुढं त्यांना ही जागा दाखवायची होती, म्हणून आधी स्वतः बघायला आला होता.

“मी शितल. भांडगावची,” मी ऐटीत सांगितलं. आमची शेवंतीची शेती. आप्पांबरोबर मार्केट यार्डात फुलं उतरवून मी मोकळी झाले होते. छत्री मिटली आणि आम्ही दोघं भिजतच आत गेलो.

आतला दिवाणखाना अगदी इंग्रजी थाटाचा. रंगीत काचांच्या खिडक्या, वर सज्जा... आणि त्याला लागून कोरीव दगडाचं महादेवाचं देऊळ. काचेतून निळा-तांबडा उजेड सुदर्शनच्या ओल्या गालावर पडला होता. मी बघतच राहिले.

“काय बघताय?”

“खिडकी,” मी म्हणाले.

मग फुलांच्या खेपेला आले की तो भेटायचाच. चहा, चिडवाचिडवी, आणि ‘तुम्ही’चं कधी ‘तू’ झालं ते कळलंही नाही. माझ्यापाशी तो मोकळा बोलायचा, ‘हाय-न्हाई’ करत खळखळून हसायचा. पण ऑफिसचा फोन वाजला की लगेच जिभेला इस्त्री! मला ते फार खुपायचं. तरी आवडायचा मेला.

जर्मनीहून एक पाहुण्या बाई यायच्या होत्या, तेव्हा त्यानं फोन करून आमच्या शेवंतीचे हार आणायला सांगितलं. मग घुटमळला...

“शितल, माझे साहेब असतील. तू जरा... शुद्ध बोलशील?”

मी फोन ठेवून दिला. रडले, खोटं कशाला सांगू? मग ठरवलं—हार द्यायचे, आणि त्यानं मला नुसती फुलवाली म्हणून पुढं केलं, तर पुन्हा त्याचं तोंड बघायचं नाही.

दुसऱ्या दिवशी शिंदे छत्रीत त्या जर्मन बाईंनी हार घालून घेतला. दिवाणखाना न्याहाळला आणि माझ्याकडं वळून इंग्रजीत काहीतरी विचारलं.

“त्या विचारतायत,” सुदर्शन माझी नजर चुकवत म्हणाला, “हे देऊळ आहे की इंग्रजांचा बंगला?”

माझी मान आपोआप ताठ झाली.

“त्यास्नी सांगा, खिडक्या इंग्रजी थाटाच्या हायत. लई झ्याक हायत, आमच्याच लोकांनी हौसेनं लावल्यात. पर आत म्हादेव हाय, आन् त्यो म्हादेवच हाय. खिडक्या इंग्रजी झाल्या म्हून त्यानं काय आपलं गाव लपवलं न्हाई.”

सुदर्शनचा चेहरा उतरला. तरी त्यानं त्यातला एकही शब्द न गाळता इंग्रजीत सांगितलं. बाईंनी हात जोडले. साहेब माझ्याकडं कौतुकानं बघत होते.

“कोण आहेत या?” त्यांनी सुदर्शनला विचारलं.

आता हा ‘फुलवाली’ म्हणतो की काय, म्हणून मी त्याच्याकडं रोखून बघितलं.

“सर, ही शितल. भांडगावची...” तो थांबला. “आन् मी शिरूरचा हाय, सर. काल हिला शुद्ध बोल म्हनलो, ती माझीच चूक झाली. हिच्यासारखं मला बोलता येतंय, ह्याचा मला अभिमान हाय. हिला इचारायचं ऱ्हाऊन गेलंय... पर व्हय म्हनली, तर ही माझी व्हनारी बायकू.”

साहेब एकदम हसले. माझे डोळे भरून आले होते, पण मान मी खाली घातली नाही.

“व्हय!” सगळ्या दिवाणखान्याला ऐकू जाईल असं मी म्हणाले. “आप्पांना मातुर तूच इचार.”

बाई उत्सुकतेनं कधी माझ्याकडं, कधी त्याच्याकडं बघू लागल्या. काय म्हणाली ही?

“यस,” सुदर्शननं त्यांना सांगितलं, आणि साहेबांच्या देखत माझा हात हातात घेतला.