गोदामातून आलेला अर्थ

लपाछपीत सुकन्या काही सापडेना, आणि आता अक्षराला मजा वाटेनाशी झाली. तिनं आणि तिच्या भावानं, संगमेश्वरनं, आजोबांच्या, म्हणजे अप्पांच्या, उदगीरच्या डाळमिलचं सारं आवार पालथं घातलं होतं. राहिलं होतं फक्त तुरीचं गोदाम. त्याला कुलूप होतं आणि गोदाम सांभाळणारे वीरण्णाकाका शटरच्या फटींवर चिकटपट्टी लावत होते.

"काका, हे काय करताय?" संगमेश्वरनं विचारलं.

"किड्याच्या गोळ्या ठेवल्या आत्ताच. त्यांचा गॅस लई जहरी. आठ दिवस उघडायचं न्हाई."

अक्षरानं शटरकडे बोट दाखवलं. "सुकन्या आत असली तर?"

"आधी दोनदा हाक मारली की. कुणी ओ दिली न्हाई."

ओ देणार कशी? कालच काकांनी तिला पोत्यांवर चढताना पकडलं होतं. 'पुन्हा इथं दिसलीस तर एसटीत बसवून मुखेडला धाडतो,' असं दरडावलं होतं. आठ वर्षांची ही मावसबहीण सुट्टीला आली होती आणि तिला इतक्यात परत जायचं नव्हतं. काकांच्या हाकेनं ती आणखीच आत दडली असणार.

"उघडा ना, काका!"

"गोळ्या वाया गेल्या तर अप्पा मला सोडतील का? आत कुणी न्हाई, जा."

दोघांनी सुकन्याला हाका मारल्या. पण लपाछपीत हाकेला कोण ओ देतं? संगमेश्वर रडायच्या बेतात होता. अक्षराही भयंकर घाबरली होती, पण तेवढ्यात तिला त्यांचा खेळ आठवला. शाळेनं सुट्टीत पाठ करायला पन्नास इंग्रजी वाक्प्रचार दिले होते. जेवताना, खेळताना, कुठंही एकानं वाक्प्रचार म्हटला की दुसऱ्यानं लगेच अर्थ सांगायचा, नाहीतर दहा उठाबशा. ऐकून ऐकून सुकन्याला सगळे पाठ झाले होते. ती तर झोपेतसुद्धा अर्थ सांगायची.

अक्षरानं शटरला तोंड लावलं. "पीस ऑफ केक?"

मिलच्या खडखडाटात काही ऐकू येईना. संगमेश्वर धावत गेला आणि त्यानं मिल बंद करायला लावली.

"अंडर द वेदर?"

काहीच नाही. अक्षरानं आणखी मोठ्यानं विचारलं.

"कोल्ड फीट?"

आतून, खूप लांबून, बारीक आवाज आला. "ऐन वेळी धीर सुटणं."

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. घाईत त्यांना किल्ली कुलपात घालता येईना. संगमेश्वरनं ती हिसकावून कुलूप उघडलं. उपरणं नाकाशी धरून काका आत धावले आणि सुकन्याला उचलून बाहेर आले.

"मला एसटीत बसवू नका," ती हुंदके देत होती.

"न्हाई माय, न्हाई," म्हणत काकाच रडायला लागले.

डॉक्टरांनी तपासून सुकन्या ठीक असल्याचं सांगितलं, तेव्हा कुठे अप्पा खाली बसले. "वीरण्णा, हाक मारली म्हणजे झालं का? आत फिरून बघायचं होतं," ते म्हणाले. मग त्यांनी तिन्ही नातवंडांना जवळ घेतलं. "आज तुमच्यामुळं माझं घर वाचलं."



आता गोदाम बंद करायचं असलं की वीरण्णाकाका आधी पोत्यांमागचा कोपरान् कोपरा पाहतात. मग दारात उभं राहून ओरडतात, "कोल्ड फीट?" आणि बराच वेळ कान देऊन थांबतात. शटर त्यानंतरच खाली येतं.