खारट हात

कारखान्यात शिरल्यावर ताई आधी हात धुवायची, मग पाणी उकळायला ठेवायची आणि मगच धाकट्या भावाशी बोलायची. पोलादाला हाताचा तेलकटपणा खपत नाही. भाऊ काय, थांबला तरी चालतो, असं तिचं म्हणणं.

पिस्तुलं घडवण्या-दुरुस्त करण्याचं हे दुकान त्यांच्या वडिलांनी, आबांनी उभं केलेलं. जुन्या धाटणीच्या, सबंध पोलादी पिस्तुलांना रंग चढवायचं काम ताईचं. रंग म्हणजे डब्यातला नव्हे. पोलादावर मुद्दाम गंज आणायचा, तो उकळून काळा करायचा, तारेच्या ब्रशने घासायचा, पुन्हा गंज आणायचा. असं करत करत पोलाद निळसर काळं होतं. चोरालाच राखणीला बसवण्याचा प्रकार.

आबांचा मात्र हात खारट होता. घडवावं त्यांनीच, पण त्यांच्या घामाने पोलाद एका रात्रीत नारिंगी व्हायचं. त्यामुळे रंगवलेल्या वस्तूला शिवायची त्यांना बंदी. हात पाठीमागे बांधून ते वाकून बघायचे आणि "हं" म्हणायचे. त्या "हं"चा अर्थ चांगला की वाईट, हे ताईला शेवटपर्यंत कळलं नाही.

आबा गेले तेव्हा त्यांच्या हातचं शेवटचं पिस्तूल रंगायचं राहिलं होतं. नेमबाजी शिकवणाऱ्या सरांनी ते सांगून ठेवलेलं. धाकट्याला आता दुकानात प्लॅस्टिकच्या अंगाची नवी पिस्तुलं मांडायची होती. हलकी, झटपट होणारी, न गंजणारी. न गंजणं हाच मोठेपणा असेल तर मोरीतल्या बादलीला आधी हार घाल, असं ताईने त्याला सुनावलं. शेवटी दोघांत ठरलं: सरांनी हे पिस्तूल पसंत केलं तर ताईचं टेबल राहील, नाही तर त्या जागी काचेचं कपाट येईल.

ताईने जीव ओतला. रंग मनासारखा आला. तेल दिलं, कापडात गुंडाळलं, कपाटाला कुलूप लावून किल्ली कमरेला खोचली.

सकाळी कापड सोडलं, तर मुठीवर चार बोटं उमटलेली. नारिंगी, किंचित ओलसर.

"ताई, तुझाही हात खारटला की काय?" धाकटा हसत म्हणाला, पण टेप घेऊन टेबल मापतच होता.

ताईने पोलादाचा एक कोरा तुकडा दिवसभर मुठीत दाबून ठेवला. दुसऱ्या दिवशीही तो लख्ख होता. पिस्तुलावर मात्र नवे ठसे होते. आता चापाच्या कड्याच्या आतल्या बाजूला. कामचुकार माणूस कानस नीट न फिरवता सोडतो, ती ही जागा. तिथे वाकून बघणारा माणूस ताईने आयुष्यात एकच पाहिला होता.

तिला भीती वाटायच्या आधी राग आला. मेल्यावरही काम तपासायचं म्हणजे काय!

तिने ठसे उकळले, घासले आणि थबकली. बोटं लागली होती तिथला रंग बाकीच्यापेक्षा खोल आला होता. रोज सकाळी ठसे जागा बदलत राहिले. एकदा पाहिलेली जागा तो हात पुन्हा धरत नव्हता. हे लक्षात आलं तशी ताईची मान जरा ताठ झाली. धाकट्याला तिने काही सांगितलं नाही. सांगून कुणाला पटणार होतं?

सर येणार त्याच्या आदल्या संध्याकाळी तिने तेल दिलं नाही, कापड घेतलं नाही. पिस्तूल उघडंच टेबलावर ठेवलं.

"आबा, घ्या हातात," ती म्हणाली आणि दार ओढून घेतलं.

सकाळी पिस्तुलावर बोटाएवढीही जागा कोरी नव्हती. ठशावर ठसा. कुणीतरी ते उलटंसुलटं करत, मन भरेपर्यंत हाताळलं होतं.

ताईने पाणी उकळलं.

सर आले. पिस्तूल तळहातावर घेऊन त्यांनी तोलून पाहिलं. तो काळा रंग खिडकीतला उजेड पिऊन टाकत होता.

"नवी पिस्तुलं हातात असली तरी हात रिकामाच वाटतो," ते म्हणाले. "हे हाताला उत्तर देतं. पसंत आहे."

धाकट्याने टेप गुपचूप खिशात घातली. ताईने पदराने कपाळ पुसलं. आज तिला कुणाच्या "हं"ची गरज नव्हती.

सरांनी सवयीने नळी सुटी केली आणि खिडकीकडे धरून आरपार पाहिली. ती ताईने सकाळीच पुसली होती. आतून आरशासारखी होती. सर बघतच राहिले. मग नळी खाली घेऊन त्यांनी आपली करंगळी तिच्या तोंडात घालून पाहिली. ती नखाच्या पुढे जाईना.

"ताई," ते हळूच म्हणाले, "आत, अगदी मधोमध, अंगठ्याचा ठसा आहे. अजून ओला आहे."