रुग्णाला काही काम नसते ती वेळ

“परत साडेपाच!”

डॉ. उत्तरा सबनीसनं चष्मा काढून टेबलावर आपटला. त्या चष्म्याची एक काडी याच महिन्यात, याच कारणासाठी, दोनदा चिकटवून झाली होती.

सांगलीच्या सांधेविकार संशोधन केंद्रातल्या त्या मोठ्या स्क्रीनवर एकशेवीस रेघा होत्या. एक रेघ म्हणजे संधिवाताचा एक रुग्ण. एकशेएकोणीस रेघा सकाळच्या वेळेत शहाण्यासारख्या सरळ चालल्या होत्या. अठ्ठावन्न क्रमांकाची रेघ मात्र पहाटे साडेपाचला उसळायची आणि सात वाजता खाली बसायची.

“मालन पाटोळे,” इलियास मुजावर शांतपणे म्हणाला. शरीरातल्या पेशींना वेळ कशी कळते, हा त्याच्या आयुष्याचा विषय. त्याच्या शांतपणाचाही उत्तराला अलीकडे वैताग येऊ लागला होता.

“तीन वेळा मी तिची कालपट्टी दुपारी दोनला लावून दिली. तीनही वेळा बाईंनी ती पहाटे साडेपाचला नेऊन ठेवली. अरे, आजार मुळात जिथं होता तिथंच त्याला परत नेऊन बसवतं का कुणी? आणि गुरुवारी मान्यता समिती! ते विचारणार, ही अठ्ठावन्न नंबरची काय भानगड. मी काय सांगू?”

“जाऊन विचार तिला.”

“मीच का?”

“मी विचारलं. ती म्हणाली, तुम्हाला न्हाई कळायचं.”

उत्तरानं कपाळाला हात लावला.

ही कालपट्टीची कल्पना इलियासचीच. सात वर्षांपूर्वी केंद्राच्या उपाहारगृहात त्यानं ती तिला सांगितली होती. संधिवाताच्या माणसाची बोटं पहाटे ताठतात, दीडएक तास वळत नाहीत, मग हळूहळू सुटतात. जगभरचे डॉक्टर रुग्णाला पहिला प्रश्न हाच विचारतात, सकाळी मोकळं व्हायला किती वेळ लागतो?

“आपल्या प्रतिकारपेशींचं स्वतःचं घड्याळ असतं,” इलियास म्हणाला होता. “त्या रात्री सूज आणणारं रसायन सोडतात आणि पहाटेपर्यंत ते सांध्यात साठतं. त्यांना थांबवलं तर साधा तापही जिवावर बेतेल. पण त्यांचं घड्याळ फसवता येईल. मनगटावर एक पट्टी, तिच्यातून ठरल्या वेळी त्वचेखाली औषधाचा कण. तीन दिवसांत ताठरकाळ आपल्याला हवा तिथं सरकतो.”

“सरकतो. म्हणजे जात नाही?”

“नाही. दीड तास तो दीड तासच राहणार.”

“मग झोपेत ढकलून देऊ की!”

“तिथंच तर अडतं. साठलेलं रसायन सांधा हलल्याशिवाय वाहून जात नाही आणि झोपेत सांधे पुरेसे हलत नाहीत. माणूस उठेपर्यंत ते तिथं वाट बघत बसतं. दीड तास द्यावा लागणार, आणि तो जागेपणीच.”

मग असा दीड तास शोधायचा की ज्यात माणसाला हातांची गरज नसते. इतकं सोपं उत्तर सापडल्याचा उत्तराला त्या दिवशी कोण आनंद झाला होता! घरी जाऊन तिनं स्वतः अर्ज तयार केला. त्यातला सातवा प्रश्न होता: ‘रुग्णाला काही काम नसते ती वेळ.’ त्या प्रश्नापुढं जी वेळ लिहिली असेल, तिथं आजार नेऊन ठेवायचा.

पहिली पट्टी तिनं स्वतःच्या हाताला बांधली. तिची बोटं अकरा वर्षं पहाटे ताठत होती. तिनं सातव्या प्रश्नापुढं ‘संध्याकाळी सात ते साडेआठ’ असं लिहिलं, आणि सकाळची बाह्यरुग्ण तपासणी ती एखाद्या विशीतल्या मुलीसारखी करू लागली. नंतरच्या एकशेवीस रुग्णांतही तेच दिसलं. सकाळचा ताठरपणा सरासरी चौऱ्याण्णव मिनिटांवरून चार मिनिटांवर आला. आता मान्यता मिळायची तेवढी बाकी होती. आणि मध्येच ही मालन पाटोळे.

एका महाविद्यालयाच्या वसतिगृहात मालनबाई भाकऱ्या करायच्या. भाकरीचं यंत्र होतं, पण त्यातल्या भाकरीला पुठ्ठ्याची चव येते म्हणून मुलं ताटं परत पाठवायची. उत्तरा तिथं पोचली तेव्हा दुपारचे सव्वादोन झाले होते. भोजनगृहात चार बायका एका कॅरमभोवती बसल्या होत्या. पन्नाशीच्या, अंगानं किरकोळ असलेल्या मालनबाई एक डोळा मिटून नेम धरत होत्या.

“मालनबाई, हे काय चाललंय?”

“थांबा वो म्याडम. राणी राह्यलीया.”

राणी गेली. पाठोपाठ सोंगटीही गेली. समोरच्या बाईनं हात झटकले. या हातांची सूज उत्तरानं स्वतः मोजलेली होती. ही बोटं अशी चालताना पाहून तिला क्षणभर रागाचा विसर पडला. पण क्षणभरच.

“पट्टीला कुलूप आहे. तुम्ही उघडलंत कसं?”

“एक दोन तीन चार. आमच्या कोठीच्या कुलपाचाबी आकडा त्योच हाय.”

हा आकडा बदला म्हणून पट्ट्या बनवणाऱ्यांना उत्तरानं चार पत्रं धाडली होती. चारही पत्रांची पोच आली होती.

“अहो, पण पहाटेचं दुखणं आम्ही तुमच्यासाठी हलवलं. तुम्हाला भाकऱ्या करायच्या असतात म्हणून! दुपारी तुम्हाला काही काम नसतं.”

“कुनी सांगितलं?”

“अर्जात लिहिलंय.”

“अर्ज पोरानं भरला. मला इचारलं न्हाई.” मालनबाईंनी सोंगट्या गोळा करायला घेतल्या. “आता बसा आन् आयका. माजी बोटं वळत न्हवती, तवा पहाटं भाकरीला आमी तिघी हुतो. दोघी मळायच्या, थापायच्या. मी सातपातूर शेगडी बगायची, मग हात सुटला की लागायची. घरात च्या पोरगं करायचं. तुमची पट्टी लागली आन् म्यानेजर म्हनला, मालनबाई बऱ्या झाल्या. त्या दोघींला घरी बसवलं. आता दोनशे भाकरी माज्या एकटीच्या. पोरगं म्हनतंय, आई, जाताना च्या टाकून जा, डबाबी कर. आन् दुपारी जरा बसावं म्हनलं, तर बोटं धरलेली. स्ट्रायकर हलंना.”

“पण दुपारी काही काम नसतं ना तुम्हाला?”

“काम न्हाई म्हनूनच ती येळ माजी हाय!” मालनबाईंचा आवाज पहिल्यांदाच चढला. “सबंद दिसात तेवडीच. ती तुमी दुखन्याला दिली. दुखायचंच हाय न्हवं? मग म्यानेजरच्या येळंत दुखू द्या की.”

“अहो, पण माझे निष्कर्ष...”

“त्ये तुमचं तुमी बगा. खेळताय का एक डाव?”

उत्तरा खेळली नाही. ती तरातरा गाडीत येऊन बसली आणि केंद्रापर्यंत मालनबाईंना, त्यांच्या मुलाला, मॅनेजरला आणि पट्टी बनवणाऱ्यांना मनातल्या मनात बोलत राहिली. सगळ्यांना बोलून झाल्यावर एक नाव उरलं. मग तिनं कपाटातून एकशेवीस अर्ज काढले.

एकशेतीन अर्जांमध्ये सातवा प्रश्न नातेवाइकांच्या अक्षरात भरलेला होता. ‘दुपारी जेवल्यावर.’ ‘आई मालिका बघते तेव्हा.’ ‘देवळात जाते ती वेळ, नाव घरी बसूनही घेता येते.’ ‘चार ते साडेपाच, तेव्हा ती शेजारी नुसती गप्पा मारते व लोकर विणते.’ अर्जामागून अर्ज तिनं उलटले. प्रत्येक बाईचा एकुलता एक बरा तास कुणीतरी नेमका हेरून दिला होता, आणि तो मागायला प्रश्न तिनं छापला होता.

सगळ्यांत खाली तिचा स्वतःचा अर्ज होता. ‘संध्याकाळी सात ते साडेआठ. काही काम नसते.’ हे मात्र तिनं स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं होतं. तिच्या जेवणाच्या टेबलावर वडिलांचा जुना रेडिओ खोलून पडला होता. पट्टी बांधायच्या आधी ती रोज संध्याकाळी त्याच्या तारा जोडायची. तिचा नवरा सुहास सात वर्षं त्या रेडिओच्या बाजूला ताट ठेवून जेवत होता आणि ‘हे एकदा उचल तरी’ असं म्हणत होता. उत्तराला स्वतःचाच इतका संताप आला की अर्ज टराटरा फाडावासा वाटला. पण तो पुरावा होता, आणि पुरावा फाडायची तिला सवय नव्हती.

तिनं पट्टीचं कुलूप उघडलं. एक दोन तीन चार. गुरुवारची बैठक दुपारी तीनची होती, आणि मध्ये बरोबर तीन दिवस होते.

गुरुवारी सव्वातीनला समितीच्या अध्यक्षांनी तिला माहिती सादर करायला सांगितलं. हे एक निवृत्त शल्यविशारद होते. त्यांचेही गुडघे सकाळी धरत, हे ते दर बैठकीत सांगत. उत्तरानं फाइल उघडायचा प्रयत्न केला. बोटं वळली नाहीत. फाइल खाली पडून कागद सगळीकडं पसरले. पाण्याच्या बाटलीचं झाकण तिनं दोन्ही तळव्यांत धरून फिरवलं, तेही फिरेना.

“बरं वाटत नाहीये का तुम्हाला?” अध्यक्षांनी विचारलं.

“उत्तम आहे. आज सकाळचा माझा ताठरपणा शून्य मिनिटं. तुमच्या तक्त्यात मी शंभर टक्के बरी आहे. हे जे तुम्ही बघताय, ते तक्त्यात कुठंच नाही, कारण आपण फक्त सकाळचं विचारतो. दिवसभराचं मोजलं तर आधी चौऱ्याण्णव मिनिटं होती, आताही चौऱ्याण्णवच आहेत. आम्ही कुणाला बरं केलं नाही, साहेब. फक्त लोकांचा मोकळा तास घेऊन तो आजाराला दिला, तोही त्यांना न विचारता. कृपा करून ही मान्यता थांबवा.”

सात वर्षांच्या कामावर तिनं स्वतःच्या हातानं पाणी ओतलं होतं. इलियासनं मान खाली घातली.

अध्यक्षांनी नियमावली उघडली. “नियमात सकाळचा ताठरपणा असंच आहे. तो कमी झाला की नाही?”

“झाला, पण...”

“झाला. नोंद घ्या.” मान्यता एकमतानं मिळाली. वर टाळ्याही झाल्या. आपलं संशोधन अपयशी आहे हे सिद्ध करण्यातही अपयश यावं! उत्तराला हसावं की रडावं कळेना.

“एकच अट,” अध्यक्ष म्हणाले. “त्या अठ्ठावन्न नंबरच्या बाईसारखे प्रकार नकोत. कुलपाचा आकडा बदला आणि तो जबाबदार व्यक्तीकडेच राहील असा नियम करा. मसुदा तुम्हीच द्या.”

साडेचार वाजले. उत्तराची बोटं सुटली. तिनं तिथंच बसून मसुदा लिहायला घेतला. जबाबदार व्यक्ती म्हणजे कोण, हे अध्यक्षांनी सांगितलेलं नव्हतं. तिनं लिहिलं: ‘जबाबदार व्यक्ती म्हणजे जिच्या मनगटावर पट्टी आहे ती. आकडा तिने स्वतः ठरवावा व तो नातेवाईक, मालक वा डॉक्टर यांना सांगू नये.’ हा मजकूर नियमावलीच्या एक्केचाळिसाव्या पानावर गेला. एक्केचाळिसावं पान आजवर कुणी वाचलेलं नाही, तसा तोही कुणी वाचला नाही. खाली सह्या आल्या.

तीन महिन्यांनी इलियासनं पुन्हा एकशेवीस रेघा स्क्रीनवर आणल्या आणि तो बाजूला झाला. पहाटे साडेपाचला रेघांचं रानच उसळलं होतं. सकाळचा ताठरपणा सरासरी एक्क्याऐंशी मिनिटं.

“म्हणजे एवढी पट्टी, एवढं औषध,” उत्तरा म्हणाली, “आणि आजार होता तिथंच!”

“सगळ्यांचा नाही.” त्यानं एकेक रेघ दाखवली. एका कारकुनानं दुखणं सकाळी अकरावर नेलं होतं, साहेब फायली आणून टाकायचे त्या वेळेवर. एका आजींनी ते संध्याकाळी साडेसातवर ठेवलं होतं, पोळ्यांच्या वेळी. वसतिगृहाच्या मॅनेजरचं पत्र आलं होतं: ‘आपल्या उपचारामुळे आम्हांस दोन स्त्रिया पुन्हा कामावर घ्याव्या लागल्या, सबब खुलासा करावा.’ मुलांची, सुनांची, कार्यालयांची मिळून सदतीस पत्रं होती. सगळ्यांची तक्रार एकच, रुग्ण आमच्याच वेळेला आजारी पडतो. मान्यता समितीची बैठक दोनदा पुढं ढकलली गेली होती. अध्यक्षांनीही पट्टी घेतली होती, आणि गुरुवारी दुपारी तीनला त्यांना म्हणे उठता येत नव्हतं.

“यांना उत्तरं कोण देणार?” इलियासनं विचारलं.

“मी. रोज सकाळी साडेनऊ ते अकरा पत्रव्यवहाराची वेळ आहे ना माझी? तेव्हा बोटं चालली तर देईन.” तिनं मनगट वळवून त्याला पट्टी दाखवली. पट्टीवर साडेनऊ होते.

त्या संध्याकाळी सात वाजता तिनं जेवणाच्या टेबलावरचं वर्तमानपत्र बाजूला केलं, रेडिओ पुढं ओढला आणि बारीक स्क्रू-ड्रायव्हर चिमटीत धरला. पहिला स्क्रू गंजला होता. तिनं जोर लावला, आणि तो फिरला.

सुहास ताट घेऊन दारात थांबला. “काय गं, आज काही काम नाही वाटतं?”

“आहे,” मान वर न करता उत्तरा म्हणाली. “साडेआठपर्यंत मला हाक मारू नकोस.”