सुतार पक्ष्याचं चित्र

अमेरिकेत केंटकीतल्या एका पार्कच्या चित्रदालनात डेला स्वतःच्याच चित्रासमोर उभी होती. लाल डोक्याचा सुतार पक्षी... तिचं चित्र पहिल्यांदाच अशा भिंतीवर लागलं होतं. तेवढ्यात ओला कोट झटकत एक तरुण शेजारी येऊन थांबला. गळ्यात दुर्बीण, भुवयांवर पावसाचे थेंब.

“चित्र कसं वाटतंय?” त्यानं विचारलं.

डेलाला घाम फुटला. कुणी नावं ठेवायच्या आत आपणच ठेवलेली बरी, ही तिची जुनी खोड. “पाय चुकलेत,” ती बोलून गेली. “जिनं काढलंय तिनं पक्षी धड पाहिलाही नसेल.”

तो हसला. त्याचं नाव हार्लन. पाऊस उघडल्यावर खरा सुतार दाखवतो म्हणून तो तिला रानवाटेनं घेऊन गेला. वाळक्या सिकमोर झाडाच्या खोडावर टकटक चालली होती. दुर्बीण एकच, त्यामुळे खांद्याला खांदा लागलेला.

“पक्षी वर आहे,” तो हळूच म्हणाला. “तुम्ही माझ्याकडे काय बघताय?”

“दुर्बीण तुमच्या हातात आहे म्हणून...” ती म्हणाली आणि लाजली.

परतताना त्यानं सहज सांगितलं, त्याचे वडील अंथरुणाला खिळलेत. अंगणातले सुतार पक्षी बघणं हाच त्यांचा विरंगुळा होता. ते चित्र तो त्यांच्यासाठीच घ्यायला आला होता.

“बरं झालं तुम्ही भेटलात. त्यांना चूक लगेच कळली असती.”

डेला गप्प राहिली असती तर कुणाला कळणारही नव्हतं. पण त्या आजारी माणसाचं काय?

“ते चित्र... माझं आहे. आणि पाय बरोबर आहेत. वर्षभर त्याच सिकमोरखाली बसून काढलंय मी ते.”

हार्लन जागच्या जागी थांबला. “म्हणजे मघापासून मी तुम्हालाच सुतार दाखवत होतो?”

ती कानापर्यंत लाल झाली. “तुम्ही इतकं मन लावून दाखवत होता... तुम्हाला थांबवायला मन होईना.”

“मग खोटं का बोललात?” तो हसत नव्हता.

“भीती वाटली. तुम्ही हसाल म्हणून.”

तिला वाटलं, धरणी दुभंगावी. तरी ती म्हणाली, “रविवारी प्रदर्शन संपलं की चित्र मी स्वतः घेऊन येईन. तुमच्या बाबांना सांगेन, मी काढलंय.”

त्यानं तिच्या खाली गेलेल्या मानेकडे पाहिलं.

“रविवारी ये,” तो म्हणाला. “बाबा प्रश्न फार विचारतात.”

‘या’ नाही, ‘ये’... डेलानं मान वर केली.